गोल जाळं कुणाचं?

गेल्या भाद्रपदात आमच्या गॅलरीत एक कोळीण राहायला आली. तपकिरी, केसाळ, हरभऱ्याएवढी. दिवसभर ती कपडे वाळत घालायच्या दोरीच्या गाठीपाशी पाय पोटाशी घेऊन बसून असायची. दिवेलागणीला खाली उतरायची आणि तासाभराच्या आत दोरी, गज आणि कढीपत्त्याची कुंडी यांच्या मधल्या जागेत जेवणाच्या ताटाएवढं गोल जाळं विणायची. सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडावं तर जाळं नाही. दोन दिवस वाटलं, वाऱ्याने तुटलं असेल. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला उठून बसले तेव्हा कळलं, ती स्वतःच ते गोळा करून खात होती.

ही निओस्कोना गटातली. पावसाळ्याच्या शेवटी घरांच्या आसपास हमखास दिसणारी. तिच्यामुळे मी कोळ्यांबद्दल वाचायला लागले, आणि जो प्रश्न मला सगळ्यात सोपा वाटला होता तोच सगळ्यात अवघड निघाला. गोल जाळं विणणारे कोळी म्हणजे नेमके कोण? ते सगळे एकाच कुळातले का?

आधी जाळ्याकडे बघू, कारण विणताना बघितल्याशिवाय पुढचं नीट उमजत नाही.

बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. मध्ये तुंबा, तुंब्यातून निघणारे आरे. जाळ्याचा सांगाडा तसाच असतो. पण अधांतरी चाक उभं कसं करायचं? कोळीण उंचावर बसते, पोट वर उचलते आणि वाऱ्यावर एक अतिशय बारीक धागा सोडते. समोरच्या घरातल्या ट्यूबलाइटचा उजेड तिरका पडला होता म्हणून तो मला दिसला, नाहीतर दिसलाच नसता. धागा तरंगत जाऊन गजाला चिकटला. तिने तो ओढून पाहिला, ताणला आणि त्याच्यावरून चालत जाऊन जाड धाग्याचा पूल टाकला. मग एका सैल धाग्याच्या मध्यावरून खाली लोंबकळत कुंडीपर्यंत आली आणि तो धागा ताणून बांधला. झाला बेचक्याचा आकार. बेचक्याचे तीन दांडे जिथे मिळतात तो जाळ्याचा तुंबा. तिथून एकेक आरा बाहेरच्या चौकटीपर्यंत. त्या रात्री मी 21 आरे मोजले.

यापुढचं काम मला सगळ्यात जास्त आवडतं. ती मधून बाहेरच्या दिशेने कोरड्या धाग्याचे विरळ वेढे घालत जाते. ही परांची. इमारत बांधताना गवंडी उभं राहायला बांबू बांधतात, अगदी तशी. काठाशी पोचली की ती उलटी फिरते आणि बाहेरून आत चिकट धाग्याचे दाट वेढे घालू लागते. परांचीवर पाय ठेवत पुढे जाते आणि काम झालेल्या भागातली परांची काढून टाकते. दोन वेढ्यांमधलं अंतर पायाने मापते. डोळे आठ असले तरी नजर अगदी बेताची. हे सगळं काम चालतं ते स्पर्शावर.

चिकट धागा घातल्या घातल्या त्यावरच्या डिंकाचे आपोआप मणी होतात. भिंगातून पाहिलं की तारेवर ओळीने थांबलेल्या पावसाच्या थेंबांसारखे दिसतात. या डिंकातले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात, म्हणून तो चिकट राहतो. आरे मात्र कोरडे. कोळीण जास्त करून आऱ्यांवरूनच चालते, चिकट धाग्याला तिच्या पायांवरच्या केसांची टोकं तेवढी लागतात, आणि पायांवर न चिकटणारा लेपही असतो. त्यामुळे ती स्वतः अडकत नाही.

धागा एकच नसतो, हे मला ठाऊक नव्हतं. या कुळातल्या मादीच्या पोटात धागा आणि डिंक बनवणाऱ्या सात प्रकारच्या ग्रंथी असतात. चौकटीचा आणि आऱ्यांचा धागा वेगळा, वेढ्यांचा वेगळा, डिंक वेगळा, धागा भिंतीला चिकटवायचं सिमेंट वेगळं, भक्ष्य गुंडाळायचा धागा वेगळा, अंड्यांच्या पिशवीचा आणखी वेगळा. कोळ्याचा धागा पोलादापेक्षा मजबूत असतो, असं सरसकट सांगितलं जातं. त्यात 'तेवढ्याच वजनाच्या' हे शब्द घातले तर ते आऱ्यांच्या धाग्याला लागू पडतं. पण मला ताकदीपेक्षा त्याचा दुसरा गुण मोठा वाटतो. वेगाने आलेला किडा जाळ्यावर आदळला की धागा ताणला जातो आणि धडकेतली बरीचशी ऊर्जा उष्णतेच्या रूपात जिरवून टाकतो. रबरासारखा तो झटक्यात मागे आला असता, तर किडा बेचकीतल्या दगडासारखा परत उडाला असता. वेढ्यांचा धागा तर मूळ लांबीच्या तिप्पट ताणला तरी तुटत नाही.

जाळ्याचा मध्य नीट पाहिलात तर तो मध्यावर नसतो, थोडा वर असतो. कोळीण तिथे डोकं खाली करून बसते. खाली धावायला वर चढण्यापेक्षा कमी वेळ लागतो, म्हणून खालचा भाग मोठा ठेवला की जास्त शिकार हाती लागते.

शेजारच्या काकू एकदा गॅलरीत आल्या आणि म्हणाल्या, "अगं, काढून टाक ते जळमट. अंगावर कोळी मुतला तर फोड येतील." ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. असे फोड बहुतेक वेळा एका बारीक, काळ्या-केशरी भुंग्याच्या अंगातल्या द्रवामुळे येतात. पावसाळ्यात तो दिव्याकडे येतो आणि अंगावर चिरडला गेला की कातडी भाजल्यासारखी होते. कधी ते नागिणीचे फोड असतात, म्हणजे विषाणूचे. दोष कोळ्यावर जातो. मी म्हटलं, "काकू, हे जळमट नाही. जळमटावर धूळ बसते. हिचं जाळं रोज नवीन असतं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या मुद्दाम बघायला आल्या.

रोज नवीन विणायचं, मग जुनं फेकायचं कशाला? धागा म्हणजे प्रथिनं. कोळीण जुनं जाळं खाते आणि त्यातला बराचसा माल पुढच्या जाळ्यात पुन्हा वापरते. मुंडकोपनिषदात ब्रह्मातून विश्व कसं निर्माण होतं हे सांगताना ऊर्णनाभीचा दाखला दिला आहे: ती जसा धागा बाहेर सोडते आणि परत आत घेते, तसं. ज्याने कोणी हे रचलं, त्याने पहाटे उठून कोळीण पाहिली असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आणि मराठीतला 'कांतीण' हा जुना शब्दही तितकाच नेमका आहे. कातते ती कांतीण. या कुळात तो स्त्रीलिंगी असणंही योग्यच, कारण वयात आलेले नर जाळं विणणं जवळपास सोडून देतात आणि मादीच्या शोधात भटकतात. तुम्हाला जे मोठं गोल जाळं दिसतं, त्यात बहुतेक वेळा मादीच बसलेली असते.

पहाटे उठण्यावरून आठवलं. 1948 साली जर्मनीत ट्युबिंगेन इथे हान्स पीटर्स नावाचे प्राणिशास्त्रज्ञ जाळी विणताना चित्रण करत होते आणि कोळी पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान विणतात म्हणून वैतागले होते. वेळ बदलण्याचं एखादं औषध मिळेल का, असं त्यांनी पीटर विट या औषधशास्त्रज्ञाला विचारलं. विट यांनी कोळ्यांना निरनिराळी औषधं दिली. वेळ बदलली नाही, जाळ्यांचे आकार मात्र बदलले. यातून विट यांचं आयुष्यभराचं संशोधन उभं राहिलं. जाळं हे कोळ्याच्या मज्जासंस्थेने काढलेलं चित्रच असतं, हे त्यातून दिसलं.

आता कुळाकडे येऊ.

जगात आजवर नोंदलेल्या कोळ्यांच्या जाती 50,000 च्या वर आहेत. त्यांतल्या कितीतरी जाळं विणतच नाहीत. भिंतीवर टुणटुण उड्या मारणारे कोळी शिकारीसाठी जाळं लावत नाहीत. गोल जाळ्याचं सगळ्यात मोठं कुळ म्हणजे अरॅनिडी. त्यात 3,000 हून जास्त जाती आहेत. गॅलरीतली निओस्कोना याच कुळातली.

शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं आणि व्यक्तीचं नाव मागून. 'अर्जिओपी अनासुजा' म्हणजे अर्जिओपी घराण्यातली अनासुजा. ही तुम्ही बागेत नक्की पाहिली असेल. पिवळ्या-करड्या पट्ट्यांची, जाळ्याच्या मधोमध पाय जोडीजोडीने फुलीसारखे पसरून बसलेली. त्या फुलीच्या रेषेतच पांढऱ्या जाड धाग्याची नागमोडी नक्षी असते. जणू सही केली आहे, म्हणून इंग्रजीत तिला 'सिग्नेचर स्पायडर' म्हणतात. ही नक्षी कशासाठी यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. अतिनील प्रकाश परावर्तित करून ती किड्यांना ओढते, पक्ष्यांना जाळं दिसावं म्हणून असते, कोळिणीचा आकार लपवते, अशी तिन्ही मतं आहेत आणि तिन्हींना पुरावे आहेत. तिच्या जवळ गेलात तर ती जाळ्यासकट इतक्या जोरात हलते की ती नुसती धूसर दिसते.

सायक्लोसा ही त्याच कुळातली. ती खाल्लेल्या किड्यांची टरफलं आणि कचरा जाळ्यात उभ्या रांगेत लावते आणि त्या रांगेतच एक कचरा होऊन बसते. गॅस्टरॅकॅन्थाचं पोट टणक, रुंद आणि काटेरी. पाहून कोळी वाटतच नाही.

सह्याद्रीत पावसाळ्यानंतर पायवाटेने चालताना तोंडावर जाड, पिवळसर धागे येतात, ते नेफिला पिलिपेसचे. मादीचं नुसतं शरीर चार-पाच सेंटिमीटर, पाय पसरले तर तळहात भरतो, आणि जाळं मीटरभर रुंद. तिच्या जाळ्यापुढे मी एकदा अर्धा तास उभी होते. ऊन पडल्यावर धागे खरोखर सोनेरी दिसतात, तो धाग्यातल्या पिवळ्या रंगद्रव्याचा रंग. जवळ जाऊन पाहिलं तेव्हा एक वेगळी गोष्ट दिसली. निओस्कोना जी परांची काढून टाकते, ती नेफिला तशीच ठेवते. त्यामुळे कोरड्या दोन वेढ्यांच्या मध्ये चिकट धाग्यांच्या काही ओळी, पुन्हा कोरडा वेढा, पुन्हा ओळी, अशी रचना दिसते. ती जाळं रोज खातही नाही, फाटलेला भाग तेवढा दुरुस्त करते.

मादीच्या वर, जाळ्याच्या कडेला, पाच-सहा मिलिमीटरचा लालसर कोळी बसला होता. तो तिचा नर. आकारातला हा फरक इतका आहे की पहिल्यांदा बघणाऱ्याला तो तिचं पिल्लू वाटतो. मीलनाच्या वेळी नर तिच्या पाठीवर चढून तिथे बारीक धागे पसरतो. त्याने ती शांत होते आणि त्याला खाऊन टाकण्याची शक्यता कमी होते, असं संशोधकांना दिसलं आहे. त्याच जाळ्यात अर्गायरोडिस नावाचे चमकदार, चिमुकले कोळीही राहतात. ते स्वतः कष्ट न करता नेफिलाच्या जाळ्यातले बारीक किडे उचलतात.

या सोनेरी धाग्याचं कापड विणता येतं का? येतं. मादागास्करमध्ये नेफिलाच्याच एका नातेवाइकाच्या धाग्यापासून विणलेलं कापड 2009 साली न्यूयॉर्कच्या संग्रहालयात मांडलं होतं. त्यासाठी रानातून दहा लाखांहून जास्त कोळिणी धरून आणल्या, एकेकीच्या पोटातून धागा ओढून घेतला आणि त्यांना परत सोडलं. रेशमाच्या किड्यांसारखं यांना एकत्र पाळता येत नाही, कारण त्या एकमेकींना खातात. त्याच मादागास्करमध्ये डार्विनच्या नावाची एक अरॅनिडी कोळीण आहे. ती नदीच्या या काठावरून त्या काठावर 25 मीटरपर्यंत लांब धागा टाकते आणि पाण्यावर जाळं टांगते.

इथपर्यंत सगळं सरळ वाटतं: गोल जाळं, म्हणजे अरॅनिडी. पण निवडुंगाच्या कुंपणावर सर्टोफोराची वसाहत पाहिलीत तर घोळ सुरू होतो. सर्टोफोरा अरॅनिडीच आहे, पण तिचं जाळं तंबूसारखं. बारीक विणीची आडवी चादर मध्ये उचललेली आणि वर धाग्यांचा गुंता. त्यात चिकट धागा अजिबात नाही. किडे गुंत्याला धडकून चादरीवर पडतात. अमेरिकेतली मॅस्टोफोरा तर जाळंच विणत नाही. ती एका धाग्याच्या टोकाला चिकट गोळा लावून तो गोफणीसारखा फिरवते आणि मादी पतंगासारखा वास सोडून नर पतंगांना जवळ बोलावते. यामागे कारण आहे. पतंगाच्या पंखांवरची भुकटी साध्या जाळ्याला चिकटते आणि पतंग निसटून जातो. हिचा डिंक त्या भुकटीच्या खालीसुद्धा शिरतो. जाळं नाही, तरी कुळ अरॅनिडीच. म्हणजे कुळ जाळ्यावरून ठरत नाही.

मग कशावरून? शरीराच्या बारकाव्यांवरून, मुख्यतः नराच्या तोंडाजवळच्या दोन छोट्या पायांच्या टोकाची आणि मादीच्या पोटाखालच्या जननमार्गाची रचना पाहून. प्रत्येक जातीत ती वेगळी असते, कुलुपाला किल्ली असावी तशी. त्यामुळे नुसत्या फोटोवरून जात ठामपणे सांगणं बहुतेक वेळा शक्य नसतं. फोटो पाठवून नाव विचारणाऱ्यांना तज्ज्ञ "निओस्कोना असावी" एवढंच सांगतात, ते यासाठी.

हे नाव ठेवण्याचं काम फार जुनं आहे. प्राण्यांची शास्त्रीय नावं लिनियसच्या 1758 च्या ग्रंथापासून मोजतात. याला एकच अपवाद, आणि तो कोळ्यांचा. स्वीडनच्या कार्ल क्लर्क यांनी 1757 मध्ये तिथल्या कोळ्यांना दिलेली नावं आजही अधिकृत आहेत. भारतातल्या अरॅनिडींवरचा मोठा खंड बी. के. टिकादर यांनी 1982 मध्ये लिहिला. भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेत काम करताना ते बरीच वर्षं पुण्यात होते. नवीन जाती अजूनही सापडतात. 2016 मध्ये कर्नाटकातल्या पश्चिम घाटातून एरिओव्हिक्सिया ग्रिफिंडोरी ही नवी जात नोंदली गेली. सुमारे सात मिलिमीटरची ही कोळीण वाळक्या पानासारखी दिसते. तिच्या पोटाचा आकार हॅरी पॉटरच्या गोष्टीतल्या जादूच्या टोपीसारखा, म्हणून तिला त्या टोपीच्या मूळ मालकाचं नाव मिळालं.

घराणी मात्र स्थिर नसतात. नेफिला एकेकाळी टेट्राग्नॅथिडी या कुळात होती. पाण्याकाठी आडवी जाळी विणणाऱ्या, लांब जबड्यांच्या कोळ्यांचं ते कुळ. मग नेफिलाला स्वतःचं कुळ दिलं, नंतर अरॅनिडीत घेतलं, आणि तिला वेगळं ठेवावं की नाही यावर अजून दोन मतं आहेत. याने गोंधळून जायचं कारण नाही. कोळीण तीच आहे. तिचे नातेवाईक कोण, याची आपली माहिती वाढते आहे.

सगळ्यात मोठा धक्का जनुकांनी दिला. गोल जाळं विणणारा आणखी एक समूह आहे, युलोबोरिडी. आरे, परांची, वेढे, सगळं तसंच. पण यांच्या धाग्यावर डिंक नाही. धागा सोडणाऱ्या अवयवांपुढे चाळणीसारखी एक पट्टी असते, तिच्यातून हजारो अतिसूक्ष्म तंतू निघतात आणि मागच्या पायांवरच्या फणीने कोळीण ते पिंजते. कापूस पिंजावा तसा. किड्याचे पाय या लोकरीत गुंततात. या कोळ्यांना विषग्रंथीही नसतात. ते भक्ष्याला धाग्याने गुंडाळून गुंडाळून आवळतात. दोघांची जाळी इतकी सारखी, की अनेक शास्त्रज्ञ त्यांना एकाच पूर्वजाची लेकरं मानत. 2014 मध्ये शेकडो जनुकं ताडून पाहणारी दोन संशोधनं आली आणि युलोबोरिडी हे अरॅनिडींपेक्षा उड्या मारणाऱ्या, जमिनीवर धावणाऱ्या कोळ्यांचे जवळचे नातेवाईक निघाले. मग दोनच शक्यता उरतात. एक, गोल जाळं फार प्राचीन आहे आणि उड्या मारणाऱ्यांच्या पूर्वजांनी ते सोडून दिलं. दुसरी, तेच चाक दोन वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे घडलं. मला पहिली शक्यता जास्त पटते, कारण विणण्याच्या पायऱ्या दोन्हीकडे फारच जुळतात. पण वाद मिटलेला नाही.

हे सगळं वाचल्यावर मी गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीमागे, पाइपांच्या बेचक्यात, एक आडवं गोल जाळं बरेच दिवस होतं. बशीएवढं. आजवर मी ते निओस्कोनाच्या पिल्लाचं समजत होते. मुलाचं भिंग नेलं आणि मागे मोबाइलचा दिवा धरला. आऱ्यांवर लक्ष न देता वेढ्याच्या धाग्यावर भिंग स्थिर केलं. मणी नव्हते. धाग्याभोवती निळसर, मऊ लव होती, आणि मध्यावर पुढचे दोन पाय लांब पसरून बसलेली एक राखाडी कोळीण.

खाली आले तेव्हा दिवेलागण झाली होती. दोरीच्या गाठीवरून निओस्कोना उतरत होती. तिचं जाळं पुरं होईपर्यंत थांबले आणि तेच भिंग तिच्या धाग्यावर धरलं. इथे मणी होते, एकाला लागून एक, उजेडात चमकणारे.